मृत्यूच्या राजाचा राग

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपल्याकडे घराबाहेर एक दिवा लावतात. बहुधा तो कणकेचा असतो. त्याची वात दक्षिणेकडे करतात. एरवी दिव्याचे तोंड दक्षिणेकडे करू नये, असे घरातली वडील माणसे सांगतात. मग त्याच दिवशी तसे का? कारण दक्षिण ही यमाची दिशा. हा दिवा यमासाठी असतो. घरात अकाली मरण येऊ नये, एवढेच मागणे त्या दिव्यापाशी मागायचे.

यमाचे नाव आपण सहसा घेत नाही. कुणी मेले तर "मेला" असे तोंडावर म्हणत नाही. "वारले" म्हणतो, "गेले" म्हणतो, "देवाज्ञा झाली" म्हणतो. मरणाचे भय सगळ्यांनाच असते. आपल्यालाच आहे असे नाही. दूर देशांतल्या लोकांनाही ते होते. त्यांनीही मृत्यूचा एक राजा कल्पिला होता. त्या राजाला एकदा फार राग आला. तो का आला, आणि त्या गोष्टीवरून आपण पुणेकरांनी काय शिकायचे, ते या पाठात पाहू.

१. जमिनीखालचा राजा

युरोप खंडाच्या दक्षिणेला ग्रीस नावाचा देश आहे. तीन बाजूंनी समुद्र, मध्ये डोंगर. इसवी सनापूर्वी ३२६ साली सिकंदर पंजाबात आला होता, हे तुम्ही ऐकले असेल. त्याच्या फौजेत पुष्कळ ग्रीक लोक होते. या लोकांत फार जुन्या काळापासून देवांच्या गोष्टी चालत आलेल्या होत्या.

त्या गोष्टींत तीन भाऊ आहेत. झ्यूस, पोसायडन आणि हेडीस. तिघांनी चिठ्ठ्या टाकून जगाची वाटणी केली. झ्यूसच्या वाट्याला आभाळ आले. पोसायडनला समुद्र मिळाला. हेडीसच्या वाट्याला आला जमिनीखालचा अंधार. मेलेली माणसे जिथे जातात, तो मुलूख त्याचा. पृथ्वी मात्र तिघांत सामाईक राहिली.

हेडीसच्या राज्यात जायचे तर वाटेत नदी लागते. तिथे एक म्हातारा नावाडी असतो. त्याला उतराई द्यावी लागते. म्हणून ग्रीक लोक मेलेल्या माणसाच्या तोंडात एक नाणे ठेवीत. आपल्याकडे तोंडात तुळशीपत्र आणि सोन्याचा कण घालतात, आणि वैतरणी नदीची गोष्ट सांगतात. हेडीसच्या दाराशी तीन डोक्यांचा कुत्रा बसलेला असे. आपल्या वेदांतही यमाचे दोन कुत्रे आहेत. त्यांना चार-चार डोळे. देश वेगळा, भाषा वेगळी, पण भय सारखेच. म्हणून चित्रेही सारखीच निघाली.

हेडीस म्हणजे राक्षस नव्हे, बरं का. तो दुष्टही नव्हे. तो आपले काम करणारा एक कडक राजा. त्याच्याकडे आलेला परत जात नाही, हा त्याचा नियम. ग्रीक लोकही त्याचे नाव घ्यायला कचरत. ते त्याला "प्लूटो" म्हणत. प्लूटो म्हणजे धनवान. कारण सोने-चांदी जमिनीखालून निघते, आणि धान्यही जमिनीतूनच वर येते. आपणही रात्री सापाचे नाव न घेता "जनावर" म्हणतो. त्यातलाच हा प्रकार.

२. वैद्याचा गुन्हा

अपोलो नावाचा एक देव होता. त्याला एक मुलगा झाला. त्याचे नाव एस्क्लेपियस. मुलगा जन्मण्याआधीच आई मेली. अपोलोने चितेवरून बाळ काढून घेतले आणि कायरॉन नावाच्या गुरूच्या हवाली केले. हा गुरू अर्धा माणूस आणि अर्धा घोडा होता. पण मोठा शहाणा. त्याने मुलाला झाडपाला ओळखायला शिकवले. जखमा बांधायला आणि कापाकापी करायला शिकवले.

एस्क्लेपियस मोठा झाला आणि नामी वैद्य झाला. लोक लांबून त्याच्याकडे येऊ लागले. ताप असो, जखम असो, त्याच्या हाताने माणूस बरा व्हायचा. होता होता त्याची विद्या इतकी वाढली की त्याने मेलेल्या माणसालाही उठवले. कुणी सांगतात, त्याच्याजवळ एका राक्षसिणीचे रक्त होते. तिच्या डाव्या अंगाचे रक्त विष होते, उजव्या अंगाचे अमृत. यात थोडे तथ्य आहे. औषध नीट दिले तर औषध, चुकीचे दिले तर विष. आजही डॉक्टर हेच सांगतात.

आता हेडीसकडे काय झाले? येणारी माणसे कमी झाली. आलेले एक-दोघे परतही गेले. हेडीसला राग आला. तो आभाळात झ्यूसकडे गेला. त्यांचे बोलणे असे झाले असेल :

"वाटणी झाली तेव्हा तू उजेड घेतलास. मला अंधार मिळाला. मी काही बोललो का?"

"नाही बोललास."

"मग आता माझा अंधारही मला राहू देत नाहीत. तो वैद्य माझं राज्य ओस पाडतोय. आज एक माणूस परत गेला. उद्या सगळे जातील. मग मी राजा कसला?"

झ्यूसलाही काळजी वाटली. माणसे मरेनाशी झाली तर देव आणि माणूस यांत फरक काय राहणार? त्याने वीज उचलली आणि एस्क्लेपियसवर टाकली. वैद्य जागच्या जागी मेला.

पण गोष्ट इथे संपत नाही. मुलगा गेल्यामुळे अपोलो खवळला. ज्या एकाक्ष कारागिरांनी झ्यूससाठी वीज घडवली होती, त्यांना त्याने मारले. त्याबद्दल त्याला शिक्षा झाली. एका माणसाच्या घरी त्याला गुरे राखावी लागली. आणि एस्क्लेपियस? लोक त्याला विसरले नाहीत. त्यालाच त्यांनी देव मानले. त्याची देवळे बांधली. एपिडॉरस गावच्या देवळात दुरून रोगी येत आणि रात्री तिथेच निजत. एस्क्लेपियसच्या हातात एक काठी असे आणि काठीला एक साप वेढलेला असे. ती काठी आजही वैद्यकाची खूण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या झेंड्यावर ती आहे. दवाखान्याच्या पाटीवर किंवा औषधाच्या कागदावर तुम्ही ती पाहिली असेल.

३. राग कशाचा आला?

आता जरा थांबा आणि विचार करा. मृत्यूच्या राजाला राग कशाचा आला? कुणी चोरी केली म्हणून आला का? कुणी नवस फेडला नाही म्हणून आला का? कुणी शिवाशिव केली म्हणून आला का? नाही. त्याला राग आला तो एका माणसाने लोकांचे प्राण वाचवले म्हणून.

म्हणजे त्या रागाचा रोख रोग्यावर नव्हता, वैद्यावर होता. ही बारीक गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे कामास येईल.

कुणी म्हणेल, "गोष्टीचा अर्थ वेगळा आहे. माणसाने मरणाची हद्द ओलांडू नये, असा तिचा अर्थ आहे." तेही खरे आहे. मरण कुणाला चुकले नाही. पण मरण दोन तऱ्हेचे. एक म्हातारपणी पिकल्या पानासारखे येणारे. दुसरे अकाली, कोवळ्या फांदीवर घाव घातल्यासारखे. पहिले टळत नाही. दुसरे पुष्कळदा टळते. आपला धनत्रयोदशीचा दिवाही दुसऱ्यासाठीच असतो.

ग्रीक लोकांतही, रोगाची साथ म्हणजे देवाचा राग, असे मानणारे होते. गंमत अशी की साथ पसरवणारे बाण तो अपोलोच सोडतो, अशी समजूत होती. बाप रोग धाडतो आणि मुलगा रोग बरा करतो! पुढे इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास हिपोक्रेटिस या वैद्याच्या परंपरेतल्या एका ग्रंथात फेफऱ्याच्या आजाराविषयी स्पष्ट लिहिले गेले. लोक फेफऱ्याला देवाचा आजार म्हणत. ग्रंथ म्हणतो की इतर आजारांना जशी कारणे असतात तशी यालाही आहेत, यात वेगळे दैवी असे काही नाही. ही चोवीसशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याकडे आजही फेफरे आलेल्या माणसाला कुणी चप्पल हुंगवतो, कुणी कांदा हुंगवतो. आणि डॉक्टरकडे न्यायचे राहून जाते.

४. आपला यम

आपला यम कसा आहे? त्याला धर्मराज म्हणतात. म्हणजे न्यायाने वागणारा. वटपौर्णिमेला आयाबाया वडाला सूत गुंडाळतात. ती गोष्ट सर्वांना पाठ आहे. यमाने सत्यवानाचे प्राण नेले. सावित्री मागोमाग चालली. यम म्हणाला, "बाई, परत जा." ती गेली नाही. ती रडली-ओरडली नाही, तर शहाणपणाचे बोलत राहिली. यम रागावला का? नाही. तिचे बोलणे ऐकून तो संतोषला. एकेक वर देत गेला आणि शेवटी सत्यवानाचे प्राण परत दिले.

दुसरी गोष्ट नचिकेत या मुलाची. बाप रागाच्या भरात त्याला म्हणाला, "जा, तुला मृत्यूला दिला." मुलगा खरोखरच यमाच्या दारी गेला. यम घरी नव्हता. तीन रात्री मुलगा उपाशी बसला. यम आल्यावर त्यालाच वाईट वाटले. दारी आलेला पाहुणा उपाशी राहिला! म्हणून त्याने तीन वर दिले. नचिकेताने पहिला वर काय मागितला? "माझ्या वडिलांचा राग शांत होऊ दे." पाहा बरे, या गोष्टीत राग माणसाला आला आहे. मृत्यूचा देव मात्र शांत आहे, आणि मुलाने विचारले ते समजावून सांगतो आहे.

तेव्हा आपल्या जुन्या गोष्टींतला यमदेखील प्रश्न विचारणाऱ्याला वर देतो. मग आपण आजाराला देवाचा कोप म्हणून गप्प का बसतो? कारण जाणून का घेत नाही? न विचारल्याने काय होते, ते आपल्या पुणे शहराने एकदा भोगले आहे.

५. पुण्यातला गाठीचा ताप

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग दिसला. पुढे तो पुण्यात आला आणि १८९७ च्या सुरुवातीला इथे त्याने जोर धरला. लोक त्याला "गाठीचा ताप" म्हणत. सणसणून ताप यायचा. काखेत किंवा जांघेत गाठ यायची. पुष्कळ रोगी थोड्याच दिवसांत दगावत. त्याआधी घरात उंदीर मरून पडत.

लोक म्हणाले, "हा मरीआईचा कोप." कुणी नवस बोलले, कुणी बोकड कापला. गावोगाव मरीआईचा गाडा काढून शिवेबाहेर नेण्याची चाल होतीच. गाडा शिवेबाहेर जाई. रोग मात्र गाड्यात बसून जात नसे. तो घरातच राही.

सरकार तेव्हा इंग्रजांचे होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँड नावाचा अधिकारी नेमला. गोरे सोल्जर घरोघर शिरू लागले. रोगी शोधायचे, त्याला प्लेगच्या इस्पितळात न्यायचे, घरच्या माणसांना वेगळ्या छावणीत ठेवायचे, घर धुवायचे, सामान जाळायचे, असे काम चाले. रोग्याला वेगळे ठेवणे हे मुळात चूक नव्हते. पण रीत वाईट होती. बूट घालून सोल्जर देवघरात जात. बायामाणसांची अब्रू न राखता तपासणी होई. गरिबाचे होते नव्हते ते अंथरूण-पांघरूण जळे.

मग लोकांनी काय केले? रोगी लपवले. कुणी माळ्यावर लपवला, कुणी अडगळीच्या खोलीत. कुणी रातोरात नातलगाच्या गावी नेला. एकीकडे देवीचे भय, दुसरीकडे सोल्जराचे भय. या दोन भयांच्या मध्ये रोग्याला औषध मिळाले नाही, आणि रोग पसरत गेला.

लोकांच्या मनात संताप साठला. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावर व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या साठ वर्षांचा समारंभ झाला. तिथून परतताना रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वेळी आयर्स्ट नावाचा दुसरा अधिकारीही मारला गेला. रँड ३ जुलैला मेला. पुढे तिघा चापेकर बंधूंना फाशी झाली. हा इतिहास पुण्यात घरोघर ठाऊक आहे. पण त्याच वर्षी, त्याच साथीत, आणखी एक मरण झाले. ते तितकेच आठवले पाहिजे.

६. पाठीवर आणलेला मुलगा

सावित्रीबाई फुले यांचे नाव तुम्हाला माहीत आहे. १८४८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. पुढे १८५५ साली फुले पतिपत्नींनी शेतकरी आणि मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळाही चालवली. दिवसभर राबून संध्याकाळी अक्षरे गिरवणारे तुमच्यासारखे लोक तेव्हाही होते.

१८९० साली जोतीराव वारले. १८९७ मध्ये प्लेग आला तेव्हा सावित्रीबाईंचे वय ६६ वर्षांचे होते. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर होता आणि फौजेत नोकरीस होता. सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतले. पुण्याजवळ हडपसरच्या ससाणे मळ्यात त्यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मोकळी हवा, गावाबाहेरची जागा. जिथे घरचे लोकही हात लावायला भीत होते, तिथे सावित्रीबाई स्वतः रोगी आणीत.

मुंढव्याच्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीत गायकवाडांचा एक मुलगा प्लेगने आजारी पडल्याचे त्यांना कळले. त्या तिथे गेल्या. मुलाला पाठीवर घेतले आणि चालत दवाखान्यात आणले. तो मुलगा वाचला, असे त्यांच्या चरित्रांत सांगतात. सावित्रीबाईंना मात्र प्लेगने गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या.

आता ग्रीकांची गोष्ट आठवा. मृत्यूच्या राजाचा राग कुणावर झाला होता? रोग्याला वाचवणाऱ्यावर. सावित्रीबाईंनी एका परक्या मुलाला मरणाच्या दारातून ओढून आणले, आणि ते मरण आपल्या अंगावर घेतले. याला कुणी देवीचा कोप म्हणेल का? असे कोणते पाप त्या बाईने केले होते? रोग पाप-पुण्य पाहत नाही. तो जो जवळ जाईल त्याला धरतो.

ज्या गव्हर्नरच्या बंगल्यावर राणीचा समारंभ झाला, तिथे १९४९ पासून पुण्याचे विद्यापीठ आहे. २०१४ साली त्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव दिले गेले.

७. खरे कारण सापडले

राग कुणाचाच नव्हता, तर मग प्लेग होत कशाने होता? हे शोधून काढणारी माणसेही त्याच काळात राबत होती.

१८९४ साली हाँगकाँग येथे येर्सँ नावाच्या शास्त्रज्ञाने प्लेगचा जंतू शोधला. हा जंतू इतका बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. १८९८ साली कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दुसरा धागा पकडला. उंदराच्या अंगावर पिसवा असतात. प्लेगने उंदीर मेला की पिसवा त्याला सोडतात आणि माणसाला चावतात. त्या चाव्यातून जंतू माणसाच्या अंगात शिरतो. म्हणून आधी उंदीर पडत आणि मग माणसे. मरीआईचा राग नव्हता, पिसवेचा चावा होता!

मुंबईत हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगवरची लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. आपल्यावर प्रयोग केला, मग दुसऱ्याला टोचली. मुंबईत परळला त्याच्या नावाची संस्था आहे. पुढे प्लेगवर गुणकारी औषधेही निघाली. आज प्लेगचा रोगी वेळेवर दवाखान्यात आला तर बहुधा बरा होतो. पण १८९६ पासूनच्या त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसे गेली.

८. देवीचा रोग गेला, भय गेले का?

आणखी एक रोग होता. त्याचे नावच "देवी". अंगभर फोड येत. माणूस वाचला तर तोंडावर वण राहत. कुणाचे डोळे जात. "देवी आल्या" म्हणायचे, दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचा आणि हात जोडून बसायचे, अशी रीत होती. पण लसही होती. १८०२ साली मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली देवीची लस टोचली गेली. लस गावोगाव पोचायला दीडशेहून जास्त वर्षे लागली. आपल्या देशातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला. १९८० साली देवीचा रोग जगातून गेला, असे जाहीर झाले. देवीची देवळे आहेत, पूजा आहे, जत्रा आहे. रोग तेवढा गेला. म्हणजे देवी आणि रोग या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे सिद्ध झाले.

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रोगी पुण्यातच सापडले. त्यांना नायडू रुग्णालयात ठेवले. १८९७ सालचाच कायदा पुन्हा वापरात आला. तेव्हाही लोकांनी आजार लपवला. "शेजारी काय म्हणतील? घराला पाटी लावतील. आपल्याला उचलून नेतील." भय तेच, फक्त साल नवे. कित्येकांनी खोकला लपवला आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तो लागला. पण दुसरी बाजूही होती. परिचारिका, डॉक्टर, सफाई कामगार, अंगणवाडीताई, रुग्णवाहिकेचे चालक यांनी आपला जीव धोक्यात घालून काम केले. आणि कोरोनाच्या लसीच्या कोट्यवधी बाटल्या निघाल्या त्या हडपसर भागातल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कारखान्यातून. सव्वाशे वर्षांपूर्वी सावित्रीबाई ज्या हडपसरला पाठीवर मूल घेऊन आल्या, तेच हे हडपसर!

९. आपण काय करायचे?

एखादी आजी म्हणेल, "मग काय, आम्ही देवाला हात जोडायचे नाहीत?" आजी, खुशाल जोडा. हात जोडल्याने मनाला धीर येतो. पण हात जोडून झाले की त्याच हातांनी पोराला उचला आणि दवाखान्यात न्या. सावित्रीबाईंनी तेच केले.

गोवराचेच घ्या. आजही पुष्कळ घरांत गोवराला आणि कांजिण्यांना "देवी" म्हणतात. मुलाला औषध देत नाहीत. २०२२ साली मुंबईत गोवराची साथ आली आणि मुले दगावली. गोवराची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. एक मात्रा बाळ नऊ महिन्यांचे झाल्यावर देतात, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. लस टोचल्याच्या कार्डावर तारीख लिहिलेली असते. आता तुम्हाला वाचता येते. ती तारीख तुम्हीच वाचा. चुकली असेल तर ताईंना विचारा. विचारायची लाज धरू नका. नचिकेताने तर साक्षात यमाला विचारले.

आणि ज्यांच्या हाती अधिकार आहे, त्यांनीही १८९७ विसरू नये. लोकांना धमकावले की लोक लपतात. समजावून सांगितले की स्वतः पुढे येतात. ज्या घरात रोगी आहे, त्या घराला नावे ठेवू नयेत. त्या घरी पाण्याचा हंडा आणि भाकरी पोचवावी. रोग लपतो तो रागाच्या आणि लाजेच्या आडोशाला. हे दोन्ही आडोसे आपणच काढू शकतो.

मृत्यूच्या राजाला राग येत असेल तर येऊ द्या. लसीचे कार्ड वाचणारी आई, रोगी न लपवणारा बाप, आणि रात्री-अपरात्री दार उघडणारी परिचारिका, यांच्यावर तो रागावणारच. त्यांनीच त्याची वाट अडवली आहे.

कठीण शब्द

कोप : राग.
अकाली : वेळेच्या आधी.
उतराई : नदी पार करण्याबद्दल नावाड्याला द्यायचे पैसे.
सामाईक : सगळ्यांच्या मालकीचे.
दगावणे : मरणे.
जंतू : डोळ्यांना न दिसणारा बारीक जीव.

प्रश्न

१. तीन भावांनी जगाची वाटणी कशी केली?
२. हेडीसला वैद्याचा राग का आला?
३. नचिकेताने यमाकडे पहिला वर कोणता मागितला?
४. १८९७ साली पुण्यातल्या लोकांनी रोगी का लपवले? दोन कारणे लिहा.
५. प्लेग माणसाला कशामुळे होतो?
६. तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या एका लहान मुलाचे लसीचे कार्ड वाचा. त्यावरील तारखा आपल्या वहीत लिहा. पुढची लस केव्हा आहे, ते मुलाच्या आईला सांगा.